दुभाष्याचा चेहरा

मिस्टर हान यांच्याकडून आमचा डबा कधी रिकामा परत आला नाही. एकदा आला, आणि त्या वेळेबद्दल मला लिहायचं आहे. पण आधी बाकीच्या वेळांबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. एक अन्याय माझ्या हातून आधीच झालेला आहे.

आम्ही रीडिंगला आलो ते दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, जेव्हा नागपूर-पुण्याचे सॉफ्टवेअरवाले घाऊक भावाने तिकडे उतरत होते. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं भाड्याचं घर मिळालं. पहिल्याच रविवारी मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, मिरच्यांची फोडणी टाकली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी खुर्चीवर उभा राहून त्याच्यावर टॉवेल झटकत होतो, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. बुटके, ताठ, खांद्यावर घडीची शिडी, करड्या स्वेटरच्या खिशात तीन पेन्सिली. त्यांनी बूट काढले, आत येऊन शिडी लावली, अलार्म उतरवला आणि पॅसेजच्या पार टोकाला नेऊन बसवला. "मिरची चांगली आहे," असं म्हणाले आणि शिडी घेऊन गेले.

मेधाने दुसऱ्या दिवशी डबाभर पुडाच्या वड्या पाठवल्या. दोन दिवसांनी डबा परत आला तो मुळ्याच्या किमचीने भरून. किमची म्हणजे त्यांच्याकडचं आंबवलेलं तिखट लोणचं. डबा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला, किंचित वाकून, मंदिरात प्रसाद देतात तसा. भांडं रिकामं परत करायचं नाही हा नियम फक्त आपल्याकडेच आहे, अशी माझी आजवरची समजूत होती. त्यानंतर तो स्टीलचा डबा कुंपणावरून इकडून तिकडे जातच राहिला. तिकडून कधी भाजलेले तीळ आले, कधी बागेतली गूसबेरी. एकदा घरात काहीच नव्हतं, तर त्यांनी आमच्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून त्या डब्यात घालून पाठवल्या.

ते मूळचे कोरियाचे. तरुणपणी बोटीवर इंजिनियर होते. बोट साउदॅम्प्टनला लागलेली असताना आजारी पडले, मॉरीन नावाच्या नर्सने त्यांना बरं केलं आणि मग ते बोटीवर परत गेलेच नाहीत. पुढची तीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासले. आता मॉरीन नव्हत्या आणि मूलबाळही नव्हतं. स्वतःबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत.

बोलणं हा त्यांच्या दृष्टीने जबाबदारीचा मामला होता. इंग्लंडात "हाउ आर यू" हा प्रश्न नाही हे मला महिन्याभरात कळलं होतं. त्यांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. विचारलं की ते थांबायचे, खरोखर विचार करायचे आणि म्हणायचे, "डावा गुडघा वाईट. बाकी ठीक." मी एकदा "आज थंडी आहे" म्हटलं, तर आकाशाकडे बघून म्हणाले, "थंडी नाही. ओल आहे." कौन्सिलकडून पत्र आलं, तर त्यातली चुकीची विधानं पेन्सिलीने दुरुस्त करून ते परत पाठवायचे. मी मेधाला म्हणायचो, "हा माणूस आमच्या टेस्टिंग टीममध्ये हवा होता गं. एक बग सुटला नसता." (त्यांचं इंग्रजी मोजकं होतं. ते मी इथे मराठीत देतो आहे. या वेळी जमेल तितकं बरोबर देतो.)

एक प्रसंग मात्र मला बरेच दिवस खटकत राहिला. मी औषध आणायला आमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, मिस्टर हानही गुडघा दाखवायला आलेले होते. तेवढ्यात एक तरुण कोरियन बाई आली, कडेवर तापाने फणफणलेली मुलगी. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. रिसेप्शनवरच्या बाईंना हायसं वाटलं. "मिस्टर हान, प्लीज, तुम्ही जरा सांगता का ती काय म्हणते ते?"

मिस्टर हान उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी ते करत नाही," म्हणाले आणि दार उघडून चालते झाले.

सगळे बघतच राहिले. मी तर मनातून चांगलाच तापलो. स्वतःच्या गावचं माणूस, कडेवर लेकरू, आणि हा बाबा दोन वाक्यं बोलायला तयार नाही! पण अर्ध्या तासात टॅक्सीतून एक कोरियन विद्यार्थिनी उतरली. मिस्टर हान यांनी घरी जाऊन कुणाकुणाला फोन करून तिला युनिव्हर्सिटीतून शोधून काढलं होतं. मुलीला औषध मिळालं. मिस्टर हान रस्त्याच्या पलीकडे बसस्टॉपवर उभे होते; ती बाई बाहेर पडेपर्यंत तिथेच होते. मला काही उलगडा झाला नाही आणि मी विचारलंही नाही. म्हातारपणीचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं.

मग एक दिवस कुंपणापाशी त्यांनी मला थांबवलं. "मिस्टर सतीश, तुम्ही कॉम्प्युटरचे माणूस. तुम्ही टाइप करता. मी एक कादंबरी लिहितो आहे."

त्या दिवसापासून रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसायला लागलो. बार्लीचा चहा, खिडकीत वाळत घातलेली मुळ्याची पानं, आणि समोर ते, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहिलेलं इंग्रजी वाचून दाखवत. कादंबरी त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्याच्या लढ्याची होती. आपल्यावर इंग्रजांचं राज्य तसं कोरियावर जपान्यांचं होतं, पस्तीस वर्षं, एवढंही मला तोवर धड ठाऊक नव्हतं. त्यांच्या कादंबरीत बंदराचं एक लहान गाव होतं. तिथे यून नावाच्या एक शिक्षिका मुलींना विणकाम शिकवायच्या नावाखाली स्वतःची भाषा लिहायला शिकवतात, कारण शाळेत तिच्यावर बंदी आहे. लढणाऱ्यांचे निरोपही त्यांच्याकडून जातात. त्यांना पकडतात. जपानी अधिकाऱ्याला कोरियन येत नाही, म्हणून चौकीवर एक कोरियन दुभाष्या असतो. सातव्या प्रकरणात यूनबाई ताठ मानेने सगळं कबूल करतात, "हो, मी शिकवते, आणि सुटले तर पुन्हा शिकवीन." दुभाष्या क्षणभर थांबतो आणि साहेबाला सांगतो, "ही म्हणते, मी फक्त विणकाम शिकवते." बाई सुटतात.

मला ते प्रकरण फार आवडलं. मिस्टर हान यांना आवडत नव्हतं. ते त्यांनी पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. माझ्या लॅपटॉपवर त्याच्या फाइली साठत गेल्या, अकरावा खर्डा झाला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "पुढे जाऊ या की आता. चांगलं जमलंय."

"जमलेलं नाही," ते म्हणाले. "तो खोटं सांगतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मला दिसत नाही. तुम्ही ऑफिसात क्लायंटला सांगता, सगळं ठीक आहे, आणि ठीक नसतं. तेव्हा तुमचा चेहरा काय करतो?"

मी हसलो. "चेहऱ्याला कळूच देत नाही मी."

ते हसले नाहीत. वाट बघत राहिले, मी आणखी काही सांगीन म्हणून. ती शांतता मोडायला मी विचारलं, "हा दुभाष्या म्हणजे तुमचे वडील का?"

"माझे वडील दुभाषे होते," ते म्हणाले. मग म्हणाले, "ही कादंबरी आहे."

दोन वाक्यं. मी पहिलं ऐकलं आणि दुसरं ऐकलंच नाही.

आता थोडं माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा मी कार्यक्रम-प्रमुख होतो. मला माइक आवडतो. लपवण्यात अर्थ नाही. हातात माइक आला की मी दोन इंच उंच होतो असं मेधा म्हणते. पंधरा ऑगस्टच्या जवळचा रविवार धरून आम्ही एका शाळेचा हॉल घ्यायचो. झेंडा, मुलांची गाणी, एका पाहुण्याचा सत्कार आणि जेवण. त्या वर्षीचे पाहुणे डॉक्टर, त्यांनी शुक्रवारी कळवलं की ड्यूटी लागली, येता येत नाही. शाल आणलेली, नारळ आणलेला, आणि सत्काराला माणूस नाही. आपल्या लोकांवर याहून मोठं संकट येऊ शकत नाही.

आणि मला सुचलं. कोरियाचा स्वातंत्र्यदिनही पंधरा ऑगस्टच! मिस्टर हान यांनीच कधीतरी सांगितलं होतं. दुभाष्याचा मुलगा आपल्या शेजारी राहतो, वडिलांनी एका बाईचा जीव वाचवलेला आहे, आणि मी पाहुणे शोधतोय!

"त्यांना विचारलंस का?" मेधाने विचारलं.

"विचारलं तर नको म्हणतील गं. तुला माहितीये ना त्यांचा स्वभाव. सरप्राइज देऊ."

"सतीश, प्रत्येक गोष्ट तू मॅनेज करायला जाऊ नकोस."

मी त्यांना एवढंच सांगितलं की जेवण आहे, मुलं गाणी म्हणणार आहेत, या. ते आले, इस्त्रीचा काळा कोट घालून, आणि मुलांची गाणी त्यांनी एका जागी न हलता ऐकली. मग मी माइक घेतला. सातवं प्रकरण मी मराठीत सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं. जिथे त्यांनी दुभाष्याला क्षणभर थांबायला लावलं होतं तिथे मी थांबलो. आणि शेवटी म्हणालो, "त्या थोर दुभाष्याचे सुपुत्र आज आपल्यात बसले आहेत!" सगळा हॉल उभा राहिला. मिस्टर हान यांना दोघांनी हाताला धरून स्टेजवर आणलं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं. "हे काय आहे?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "मान आहे. राहू द्या."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून शेडगे आजोबा उठले. आजोबा साताऱ्याकडचे, त्यांचा मुलगा मेडनहेडला असतो, त्याच्याकडे उन्हाळ्यापुरते आलेले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला टोपी. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी तुरुंग पाहिला होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते त्याबद्दल कधी बोलत नसत. काठी टेकत ते स्टेजवर आले आणि मिस्टर हान यांचे दोन्ही हात त्यांनी नारळासकट धरले.

"यांना सांगा," ते मला म्हणाले. माइक मध्येच होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. "मी आन् माझा थोरला भाऊ, दोघं एकदम धरलेलो. गोऱ्या सायबाम्होरं उभं केलं. भाऊ तापट. बोलला जे बोलायचं ते. मधी आपलाच एक मराठी दुभाष्या हुता. त्यानं शब्दाला शब्द सायबाला सांगितला, एक न्हाई सोडला. भाऊ तुरुंगातनं परत आला न्हाई. यांचे वडील तिथं असते, तर आला असता. सांगा त्यांना."

हे मी इंग्रजीत नीट सांगितलं. काहीही गाळलं नाही.

मिस्टर हान आजोबांकडे बघत राहिले. मग ते माझ्याकडे न बघता, आजोबांकडेच बघत, हळू आणि स्पष्ट बोलले:

"यांना सांगा, माझे वडील फार चांगले दुभाषे होते. त्यांनी प्रत्येक शब्द बरोबर सांगितला. यूनबाई तुरुंगात मेल्या. मी जे लिहिलं ते घडलं नाही. मला क्षमा करा."

हॉलमध्ये आजोबा सोडून इंग्रजी सगळ्यांना येत होतं, पण माइक आता माझ्या हातात खाली होता, आणि मिस्टर हान यांचा आवाज मुळातच लहान. ऐकलं ते फक्त मी. आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माइक तोंडाजवळ नेला.

"ते म्हणतात," मी म्हणालो, "तुमच्या प्रेमाने मी भारावून गेलो आहे. माझ्या वडिलांनी त्यांचं कर्तव्य केलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजोबांनी टोपी काढली आणि मिस्टर हान यांच्या हातांवर कपाळ टेकलं.

मिस्टर हान यांना मराठी येत नव्हतं. पण दुभाष्याच्या मुलाला भाषा यावी लागत नाही. असं वाक्य ऐकून लोक टाळ्या वाजवत नाहीत, एवढं त्यांना समजत होतं. त्यांनी मान वळवून माझा चेहरा पाहिला. किती वेळ पाहिला कुणास ठाऊक, मला फार वाटला. मग सगळे जेवायला गेले. मसालेभात उत्तम झाला होता असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर दाराशी शाल होती, चौकोनी घडी केलेली. तिच्यावर नारळ. शेजारी आमचा डबा. उघडून पाहिला, घासून लख्ख केलेला, रिकामा. त्यांनी बेलही वाजवली नव्हती.

मी रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"मी त्यांना दुखवू शकलो नसतो," मी म्हटलं. "म्हातारा माणूस. तुमचाही अपमान झाला असता. मी तुम्हाला सांभाळून घेतलं." हे सांगताना मला ते पटतही होतं, हे आठवून आज लाज वाटते.

त्यांनी विचार केला. "साठ वर्षांत मी ते वाक्य एकदा बोललो," ते म्हणाले. "बरोबर माणसासमोर बोललो. ते पोचलं नाही."

मी लॅपटॉपची बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सातव्या प्रकरणासाठी मला जो चेहरा हवा होता," ते म्हणाले, "तो आता मी पाहिला आहे." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, बॉयलरच्या दाबाचा आकडा सांगावा तसं म्हटलं. मग म्हणाले, "एक काम करा. त्या गृहस्थांना जाऊन सांगा. बरोबर सांगा. तुमच्याच तोंडून त्यांनी चुकीचं ऐकलं, तेव्हा बरोबरही तुमच्याच तोंडून जायला पाहिजे."

"सांगतो," मी म्हटलं.

शेडगे आजोबा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. रीडिंगहून मेडनहेड म्हणजे ट्रेनने किती? पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात प्रोजेक्टची डेडलाइन होती. दुसऱ्या आठवड्यात गणपती. तिसऱ्या आठवड्यात मी खरंच गेलो. आजोबांनी मला पलंगावर शेजारी बसवलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फार मोठं काम केलं बघा. भावाचा राग मी त्या दुभाष्यावर आयुष्यभर धरला. आता म्हणतो, सगळे तसे नसतात. बरं वाटतं." सूनबाईंनी चहा आणला. मी चहा प्यालो आणि परत आलो.

"सांगितलंस?" मेधाने विचारलं.

"कसं सांगणार? तूच सांग, कसं सांगणार?"

"मग निदान मिस्टर हानना जाऊन सांग, की नाही जमलं."

तेही मी केलं नाही. आजोबा साताऱ्याला परत गेले आणि त्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या मुलाने मला फोनवर सांगितलं, "बाबा शेवटपर्यंत त्या कोरियन गृहस्थांची आठवण काढायचे."

हिवाळाभर मिस्टर हान मला दिसायचे ते खिडकीतून, टेबलाशी वाकून लिहिताना. पेन्सिलीला चाकूने टोक करायचे, लिहायचे, खोडायचे. आम्ही समोरासमोर आलो की ते मान लववायचे, पूर्वीइतकीच. मी "हाउ आर यू" विचारणं सोडून दिलं होतं. मेधाने दोनदा डबा भरून पाठवला. दोन्ही वेळा त्यांनी दारातच तिचे आभार मानले, वड्या स्वतःच्या ताटलीत काढून घेतल्या आणि डबा तिथल्या तिथे तिच्या हातात परत दिला.

वसंतात घरावर "सोल्ड"ची पाटी लागली. लंडनच्या दक्षिणेला कोरियन लोकांची वस्ती आहे, तिथल्या चर्चच्या मंडळींनी त्यांची सोय वृद्धाश्रमात केली होती. शनिवारी सकाळी न्यायला गाडी आली. सामान म्हणजे दोन बॅगा आणि ती शिडी. शिडी त्यांनी आमच्या दाराशी टेकवून ठेवली. "अलार्मची बॅटरी वर्षाने बदला," म्हणाले.

ते गाडीत बसले. मांडीवर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. मी फुटपाथवर उभा होतो. काच खाली झाली.

"मिस्टर सतीश. त्या गृहस्थांना सांगितलंत?"

आजोबा वारले हे त्यांना माहीत नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही. एक शब्द.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले... मुलाचा यात काय दोष."

मिस्टर हान यांनी माझा चेहरा पाहिला. नेमका शब्द शोधताना जितका वेळ घ्यायचे तितका वेळ घेऊन पाहिला. गाडी चालू होती, ड्रायव्हर थांबला होता. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, गठ्ठ्याची सुतळी सैल केली आणि मधलं एक पान बाहेर ओढलं. काच वर गेली. गाडी वळेपर्यंत मला त्यांची मान दिसत होती, खाली वाकलेली. ते लिहीत होते.